मार खाल्लेल्या तलाठ्याचे अपील कोणाचे? राज्यातील जिल्हादंडाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी

महोदय, महोदया,

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. हे पत्र मी माझ्या मंडळातील एका तलाठ्यासाठी लिहीत आहे. वाळूचोरांनी केलेल्या मारहाणीनंतर ते आजही डाव्या पायाने लंगडत चालतात. त्यांच्या खटल्याचे अपील उच्च न्यायालयात निकाली निघाले, हे त्यांना निकालानंतर सोळा दिवसांनी चहाच्या टपरीवर कळले. पत्र आपल्यालाच का, याचे उत्तर पुढे येईल. आपण जिल्हाधिकारी म्हणून आमचे खातेप्रमुख आहात हे आम्ही सगळे जाणतो. परंतु जिल्हादंडाधिकारी म्हणून कायद्याने आपल्या हाती जो एक अधिकार दिलेला आहे, तो आमच्यासाठी वापरला गेल्याचे मी माझ्या अखंड नोकरीत एकदाही पाहिले नाही.

घटना २०१२ च्या उन्हाळ्यातली. तालुक्याचे आणि नदीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणा एका कार्यालयाला दोष द्यायचा नाही. नदीपात्रातून रात्री वाळू उचलली जात असल्याचा निरोप कोतवालाने आणला. तहसीलदारांनी फोनवरून पाहणी करायला सांगितले आणि तलाठी कोतवालाला घेऊन मोटारसायकलवर निघाले. पात्रात दोन ट्रॅक्टर आणि एक जेसीबी होता. त्यांनी ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली आणि पंचनाम्यासाठी गावातून पंच बोलवायला कोतवालाला पाठवले. तेवढ्या वेळात पाच जणांनी त्यांना लोखंडी गजाने आणि फावड्याच्या दांड्याने मारले. डाव्या पायाची नडगी आणि उजवे मनगट मोडले. मी पोहोचलो तेव्हा ते वाळूच्या ढिगाला टेकून बसले होते आणि शर्टाच्या खिशातली किल्ली त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरून ठेवली होती. साक्षीच्या पिंजऱ्यात मी हे सांगितले आहे, त्यामुळे इथे पुन्हा लिहिण्यात मला संकोच नाही.

त्यानंतरचे तीन दिवस शासन आमच्या पाठीशी उभे होते. वरिष्ठ रुग्णालयात आले, संघटनेने काळ्या फिती लावल्या, लेखणीबंद आंदोलन झाले, आरोपी पकडले गेले. भारतीय दंड संहितेची कलमे ३३३ (लोकसेवकाला जबर दुखापत), ३५३ (लोकसेवकावर हल्ला) आणि १८६ (त्याच्या कामात अडथळा), सोबत बेकायदा जमावाची १४३ व १४९, अशी भरभक्कम फिर्याद नोंदली गेली. खटला चार वर्षे चालला. दोन पंच फितूर झाले. त्यांची घरे आरोपींच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर होती आणि त्यांना संरक्षण द्यावे असे कोणाच्या मनातही आले नाही. तरीही २०१६ मध्ये सत्र न्यायालयाने पाचपैकी दोघांना दोषी धरून पाच वर्षे सश्रम कारावासाची शिक्षा दिली. तिघे सुटले, कारण रात्रीच्या अंधारात, ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या उजेडात त्यांना ओळखल्याची साक्ष न्यायालयाला पुरेशी वाटली नाही. ओळख परेड घेतली होती ती आमच्याच तहसील कार्यालयातील नायब तहसीलदारांनी. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून ते काम त्यांच्याकडे येणे रीतीप्रमाणे होते. पण मार खाणारा आणि परेड घेणारा एकाच कार्यालयात बसणारे आहेत, हा बचाव पक्षाचा मुद्दा बिनतोड होता. शेजारच्या तालुक्यातील अधिकारी बोलावला असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

सुटलेल्या तिघांविरुद्ध राज्याने अपील केले नाही. मुदत ९० दिवसांची होती. तालुक्यातून कोणी प्रस्ताव पाठवला का, सरकारी वकिलांनी अभिप्राय दिला का, याची विचारणा मी स्वतः केली होती. निकालाची प्रतच आलेली नाही, असे उत्तर मला मिळाले.

ज्या दोघांना शिक्षा झाली, त्यांनी मात्र वेळेत अपील केले. तो त्यांचा हक्क आहे आणि त्याबद्दल माझी तसूभरही तक्रार नाही. खालच्या न्यायालयाची चूक वरच्या न्यायालयाने तपासावी, ही व्यवस्था निरपराध माणसाला वाचवण्यासाठी आहे, आणि उद्या एखाद्या तलाठ्यावर खोटा गुन्हा दाखल झाला तर त्यालाही तिचाच आधार असेल. एकोणिसाव्या दिवशी त्यांची शिक्षा अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्थगित झाली. दहा वर्षे किंवा त्याहून मोठी शिक्षा असेल तरच आरोपीला सोडण्यापूर्वी सरकारी वकिलाला लेखी हरकत घेण्याची संधी देणे कायद्याने बंधनकारक आहे. पाच वर्षांच्या शिक्षेला ते बंधन लागू नाही. महिन्याभरात त्यांच्यापैकी एक जण त्याच नदीवर उभा असलेला आमच्या कोतवालाने पाहिला. त्या आठवड्यात माझ्या मंडळातील एकही कर्मचारी रात्रीच्या तपासणीला गेला नाही आणि मीही कोणाला जा म्हणालो नाही.

अपील सहा वर्षे पडून होते. २०२२ मध्ये ते सुनावणीस आले, तेव्हा मी निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. उच्च न्यायालयाने दोघांना दोषी मानणे कायम ठेवले. पण कलम ३३३ ऐवजी ३३२ लावले, म्हणजे जबर दुखापतीचा गुन्हा साध्या दुखापतीवर आला. शिक्षा किती झाली, तर भोगलेली कैद पुरेशी धरली गेली. अटकेनंतरचे आणि निकालानंतरचे दिवस मिळून ती कैद ६६ दिवसांची होती. मनगट आणि नडगी मोडलेल्या माणसाची दुखापत साधी कशी ठरली, हे समजून घेण्यासाठी मी निकालपत्र तीन वेळा वाचले. कारण अगदी साधे होते. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रमाणपत्रात हाड मोडल्याचे लिहिले होते, पण ते लिहिणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याने क्ष-किरण तपासणी स्वतः केलेली नव्हती. ती झाली होती जिल्ह्याच्या गावी, खासगी रुग्णालयात. त्या तपासणीची प्लेट न्यायालयात दाखल नव्हती आणि क्ष-किरणतज्ज्ञाची साक्षही झालेली नव्हती. समोर जेवढा कागद होता, त्यावर न्यायालयाने दुसरे काही ठरवावे अशी अपेक्षा मी करू शकत नाही. दोष न्यायालयाचा नव्हता.

ती प्लेट कुठे होती? तलाठ्यांच्या पत्नीने ती पिवळ्या पाकिटात घालून, रुग्णाचे नाव आणि तारखेसह, घरच्या लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली सपाट ठेवली होती, वाकू नये म्हणून. दहा वर्षे ती तिथे होती. तपास अधिकाऱ्याने मागितली नाही, खटला चालवणाऱ्या वकिलांनी विचारली नाही, आणि अपील सुरू असताना तर आम्हाला कोणी भेटलेच नाही. अपिलातसुद्धा आवश्यक वाटल्यास जादा पुरावा घेण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३९१ तेच सांगत होते आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३२ तेच सांगते. इतक्या उशिरा केलेला अर्ज न्यायालयाने मान्य केलाच असता असे मी म्हणणार नाही. सरकार पक्षाच्या निष्काळजीपणाची भोके बुजवण्यासाठी ही तरतूद नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो अर्ज करून पाहायला हवा होता. उच्च न्यायालयातील ज्या सरकारी वकिलांच्या हाती ही फाईल होती, त्यांना प्लेट अस्तित्वात आहे हे सांगणारा माणूसच साखळीत कुठे नव्हता.

हा माणूस का नव्हता, याचे एक कारण कायद्याच्या रचनेतच आहे. शिक्षा झालेल्या आरोपीने अपील केले की त्याची सूचना अपील करणाऱ्याला आणि राज्य शासनाने त्या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला द्यायची असते. ज्याचे हाड मोडले, त्याला सूचना देण्याचे बंधन तिथे नाही. त्याची बाजू राज्याने मांडायची आहे, असे गृहीत आहे. सामान्य नागरिकाच्या बाबतीत हे गृहीत कितपत खरे ठरते, हा मोठा विषय आहे. पण आमच्या बाबतीत तर राज्य दुहेरी नात्याने बांधलेले आहे: फिर्यादी पक्ष म्हणूनही आणि ज्याच्या हुकमावरून आम्ही रात्री नदीत उतरलो तो मालक म्हणूनही.

पीडिताला स्वतः अपील करता येते, हे मला वकिलांनी समजावून सांगितले. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ च्या परंतुकाने तो हक्क दिला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही असे सांगितले, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ४१३ मध्ये आहे. आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडित अपील करू शकतो. शिक्षा अपुरी आहे म्हणून मात्र तो अपील करू शकत नाही. ते फक्त राज्यच करू शकते. ज्या तलाठ्याला कर्तव्यावर असताना मार बसला, त्याने सुटलेल्या आरोपींविरुद्ध पदरमोड करून वकील लावावा, तारखांना रजा टाकून जावे आणि शासनाने स्वस्थ बसावे, ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही.

आता आपल्या अधिकाराकडे येतो.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यापूर्वी महाराष्ट्राने आपल्या दुरुस्तीने, २०१८ पासून, कलम ३५३ ची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली होती आणि असे खटले सत्र न्यायालयाकडे सोपवले होते. त्या कलमाचा गैरवापर होतो, साध्या बाचाबाचीतही ते लावले जाते, अशी तक्रार लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्ते करीत होते. तिच्यात तथ्य होते, हे मी माझ्याच खात्यातली काही उदाहरणे पाहून मान्य करतो. शेतकऱ्याने सातबाऱ्यावरून आवाज चढवला म्हणून ३५३ लावणारा तलाठी हा नदीत मार खाणाऱ्या तलाठ्याचा शत्रू आहे, कारण तो कायद्याची पत घालवतो. ते असो. नव्या संहितेत त्या कलमाच्या जागी १३२ आले आणि कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली. कलम १२१ च्या पहिल्या भागात, म्हणजे लोकसेवकाला साधी दुखापत केल्यास, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जबर दुखापत असेल तर दुसऱ्या भागात किमान एक वर्ष आणि कमाल दहा वर्षे. याचा व्यवहारातला परिणाम असा की तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, कोतवाल यांच्यावरील हल्ल्यांचे बरेचसे खटले आता दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात चालतील. आणि दखलपात्र व अजामीनपात्र गुन्ह्यात दंडाधिकारी न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले, तर सत्र न्यायालयात अपील दाखल करण्याचा निर्देश सरकारी वकिलाला कोण देऊ शकतो? नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४१९ सांगते: जिल्हादंडाधिकारी. म्हणजे आपण.

त्यासाठी मंत्रालयाची वाट पाहण्याची गरज नाही. ज्या दालनात आपण वाळूसारख्या गौण खनिजाच्या वसुलीचा आढावा घेता, कोणत्या तालुक्याचे उद्दिष्ट किती टक्के झाले हे विचारता आणि रात्रीची भरारी पथके नेमता, त्याच दालनात त्या पथकातील माणसाच्या अपिलाचा निर्णय आपल्या सहीने होऊ शकतो. वसुलीचा आढावा दर महिन्याला होतो. मारहाणीच्या खटल्यांचा आढावा त्याच बैठकीत, त्याच तक्त्यात एक रकाना वाढवून घेता येईल: खटला कोणत्या न्यायालयात आहे, पुढील तारीख कोणती, निकाल लागला असल्यास प्रत कधी मिळाली, अपिलाची मुदत कधी संपते, आणि अपील न करण्याचा निर्णय असेल तर तो कोणी व कोणत्या कारणाने घेतला. हे शेवटचे कारण लेखी असावे, अशी माझी विशेष विनंती आहे. प्रत्येक निकालाविरुद्ध अपील करा असे मी म्हणत नाही. पुरावा खरोखर नसेल, खालच्या न्यायालयाचे मत वाजवी असेल, तर अपील करू नये. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या बाजूने निरपराधित्वाचे गृहीतक दुप्पट बळकट होते, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. पण मुदत नुसती निघून जाऊ देणे हा निर्णय नव्हे.

या मागणीत नवीन काहीच नाही. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये प्रत्येक राज्याच्या गृहविभागाला सांगितले होते की आरोपी सुटल्याच्या प्रत्येक निकालाची वरिष्ठ पोलीस आणि अभियोग अधिकाऱ्यांच्या स्थायी समितीने छाननी करावी, खटला कशामुळे पडला ते नोंदवावे आणि त्यातून तपास अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात सुधारणा करावी. आमच्या प्रकरणातले तिघे २०१६ मध्ये सुटले, म्हणजे हा आदेश येऊन दोन वर्षे झाल्यानंतर. छाननीसाठी आमच्यापैकी एकाही साक्षीदाराला कोणी एक प्रश्न विचारला नाही.

खटले कुठे पडतात, हे पिंजऱ्यात उभे राहिलेल्यांना चांगले माहीत असते. उलटतपासणीत मला विचारलेला पहिला प्रश्न होता, रात्री अकरा वाजता तलाठी नदीवर कोणाच्या आदेशाने गेले होते? तहसीलदारांनी फोनवर सांगितले होते, कागद नव्हता. लोकसेवक कर्तव्य बजावत होता, हे सिद्ध झाल्याशिवाय ही कलमे टिकत नाहीत, आणि ‘फोनवर सांगितले’ एवढ्यावर एका माणसाची बाजू लटकत राहते. त्या दिवशी तहसीलदारांनी साक्षीला येऊन ते मान्य केले म्हणून निभावले. कलम १८६ मात्र पहिल्याच फटक्यात गळून पडले, कारण त्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने न्यायालयात लेखी तक्रार द्यावी लागते. पोलिसांचे दोषारोपपत्र पुरत नाही. ती तक्रार देणे हे पाच मिनिटांचे काम होते. लेखी आदेश, लेखी तक्रार, क्ष-किरणाची प्लेट: तिन्ही गोष्टी खात्याच्या आवाक्यातल्या होत्या आणि त्यांतली एकही नंतर अपिलात उभी करता आली नाही.

गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याचा खटला लवकर आणि नीट चालवणे अशक्य असते, असे मला कोणी सांगू नये. तमिळनाडूतील तूत्तुकुडी जिल्ह्यात मुरप्पनाडू येथे २५ एप्रिल २०२३ रोजी लूर्दू फ्रान्सिस या ग्राम प्रशासकीय अधिकाऱ्याची त्यांच्या कार्यालयात शिरून कोयत्याने हत्या झाली. ताम्रपर्णी नदीतील वाळूचोरीबद्दल त्यांनी काही दिवसांपूर्वीच पोलिसांत तक्रार दिली होती. ती तक्रार वेळेवर ऐकली गेली असती तर ते आज असते, आणि हे त्या राज्याचे अपयशच आहे. परंतु त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, तेथील सत्र न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली. आपल्याकडे तर २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले, तेव्हा सारे राज्य हादरले होते. आमच्या तलाठ्यांवरचा हल्ला त्यानंतर सव्वा वर्षाने झाला. मृत्यू झाला तर राज्य हलते, हे मी दोन्हीकडे पाहिले. माणूस जिवंत राहिला, लंगडत का होईना दप्तरावर परत आला, की त्याची फाईल इतर हजारो फायलींत मिसळून जाते.

आमच्या त्या तलाठ्यांनी निवृत्तीपर्यंत काम केले. मोडलेल्या मनगटाने फेरफार लिहिताना त्यांचे अक्षर बदलले होते आणि नवे तहसीलदार त्यावरून रागावले, तेव्हा कारण सांगायला ते तयार झाले नाहीत, मी सांगितले. अपिलाचा निकाल टपरीवर कळला त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि एवढेच विचारले, की आपल्या बाजूने तिथे कोण उभे होते. सरकारी वकील उभे होते, असे मी म्हणालो. ते वकील त्यांना कधी भेटले नव्हते, त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

त्या प्रकरणात आता काही होणार नाही, हे मला समजते. हे पत्र मी आज लिहिण्याचे कारण दुसरे आहे. मागच्या वर्षी आमच्याच भागात एका तरुण महिला तलाठ्यावर, म्हणजे नव्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्यावर, हायवा ट्रक अडवल्यामुळे हल्ला झाला. त्यांची मुले लहान आहेत आणि साझा सोडून बदली मागावी असा घरचा आग्रह होता. त्या तिथेच राहिल्या. कोणीतरी सांगितले म्हणून त्या मला भेटायला आल्या आणि काय काय जपून ठेवू, असे त्यांनी विचारले. रुग्णालयातील सर्व कागद पोलिसांत जमा करून पोच घ्या, तहसीलदारांचा त्या रात्रीचा आदेश लेखी मिळवा, ओळख परेडसाठी दुसऱ्या तालुक्यातील अधिकारी मागा, गावातील साक्षीदारांना संरक्षणासाठी अर्ज करता येतो हे त्यांना सांगा, असे मी सुचवले. त्यांनी हे सर्व केले. साक्षीदार संरक्षणाच्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही.

त्यांचा खटला दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात आहे. निकाल काय लागेल, हे न्यायालय ठरवील आणि तो आम्हाला मान्य असेल. आरोपी सुटले, तर मुदतीचे ९० दिवस मी माझ्या घरच्या दिनदर्शिकेवर मोजणार आहे आणि निकालाच्या प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज करायला त्यांच्यासोबत जाणार आहे. अपील करावे की करू नये, हे मात्र त्यांच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांनी निकालपत्र वाचून, त्यांना एकदा समोर बोलावून, सरकारी वकिलांशी बोलून ठरवावे आणि आपला निर्णय त्यांना सहीनिशी कळवावा. हेच आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि कोतवाल यांच्या प्रकरणात व्हावे, अशी आपणा सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त मंडळ अधिकारी